हँडलवरचा जीपीएस स्पीडोमीटर: आठ महिने, चार घाट आणि एक चलान

आधीच सांगून टाकतो, हे यंत्र मी हौसेने घेतलेलं नाही, चलान आलं म्हणून घेतलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी चोपड्याहून निघालो, एक घाट चढून वर चहा पिऊन परत आलो (कुठला घाट ते लिहीत नाही, त्या बाजूला परत जायचंय), आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज. एक हजार रुपये. लिंक उघडली तर आपलीच गाडी, मागून काढलेला फोटो, आणि फोटो काय आलाय म्हणून सांगू, माझ्या साखरपुड्याचे फोटो एवढे साफ आले नव्हते. नंबर प्लेट चकाचक, खाली लिहिलंय वेग ५२, मर्यादा ४०.

ती जागा मला डोळे मिटून दिसते. घाटातली वळणं संपतात, रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूला साग, समोर अर्धा किलोमीटर चिटपाखरू नाही, आपण तासभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कुथत आलेलो असतो म्हणून जरा हात सैल सोडतो, आणि बरोब्बर तिथेच झाडाच्या सावलीत गाडी लावून वेग मोजायची लेझर गन घेऊन पोलीस साहेब बसलेले. वळणावर कोणी बसत नाही भो. वळणावर बसून काय मिळणार, तिथे सगळे आपोआप पंधरावर येतात.

असो. भरले हजार रुपये. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला की माझा मीटर खरंच ५२ दाखवत होता का, मला तर आठवतही नाही. म्हणून ऑनलाईन शोधून हा डबा मागवला. १८५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तोच डबा दहा नावांनी मिळतो, फक्त खोका वेगळा असतो.

आहे कसा, तर गोल, साधारण दोन इंचाचा, मोठ्या घड्याळाच्या डायलएवढा. हँडलला लावायची क्लिप, एक रबरी पट्टी, तीन वायरी आणि एक इंग्रजी कागद जो वाचून काहीच कळत नाही. स्क्रीनवर वेग मोठ्या आकड्यात, बाजूला बारीक अक्षरात वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, बॅटरीचा व्होल्ट आणि दिशा. आणि मुख्य म्हणजे बझर. आपण एक आकडा सेट करायचा, गाडी त्याच्या वर गेली की टीं टीं टीं चालू, खाली आली की गप्प. एकच आकडा सेट होतो हे लक्षात ठेवा, यावरून पुढे सगळं रामायण आहे.

फिटिंगचं एक सांगतो म्हणजे तुमची बॅटरी वाचेल. आमच्याकडच्या वायरमनने दीडशे रुपये घेऊन लाल वायर सरळ बॅटरीला मारली, पिवळी मोकळी सोडून दिली आणि म्हणाला झालं दादा. चौथ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक टक, कारण यंत्र रात्रंदिवस चालूच होतं. पिवळी वायर चावीच्या लाईनवर घ्यायची असते, म्हणजे चावी बंद तर डबा बंद. मग मीच सीट उघडून टेस्टरने लाईन शोधून जोडली, अर्धा तास गेला. तेव्हापासून बॅटरीला त्रास नाही, उलट व्होल्ट दिसतो हे फारच कामाचं निघालं. गाडी चालू असताना १४च्या आसपास दिसला की चार्जिंग ठीक.

आता अचूकपणा. चोपड्याहून शिरपूरकडे जाताना सरळ रस्ता सापडतो, एका बाजूला केळीचे बाग आणि दुसऱ्या बाजूला कापूस, तिथे मी गाडीच्या मीटरवर ६० धरून ठेवले तर डबा ५६ दाखवतो, ८० धरले तर ७५. चार-पाच वेळा केलं, तेच. यात डब्याची चूक नाही, गाडीचा मीटर थोडा जास्तच दाखवतो, कारण कमी दाखवायची गाडी कंपनीला परवानगीच नसते. गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, टायर झिजला की त्यात फरक पडतो. हा डबा उपग्रहाच्या सिग्नलवरून वेग काढतो म्हणून सरळ रस्त्याला, मोकळ्या आकाशाखाली, हा खरा. म्हणजे चलानातले ५२ खरे धरले तर माझ्या मीटरवर तेव्हा ५५-५६ असणार. म्हणजे साहेबांचं मशीन खोटं बोललं नव्हतं. ते मला मान्य आहे. माझं भांडण ५२शी नाहीच, माझं भांडण त्या ४०शी आहे.

डबा घेतल्यावर पहिला घाट केला कन्नडचा. एरंडोल, कासोदा, भडगाव करत चाळीसगावला पोहोचलो, सोबत पल्सरवाला मित्र. याला औट्रम घाट पण म्हणतात, तो जेम्स औट्रम ज्याने १८२५ला खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं, त्याच्या नावाने. तो घोड्यावरून जायचा, त्याला चलानाची भीती नव्हती. ऑगस्ट २०२१ला याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि २०२३मध्ये हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठाने जड वाहनं बंद केली, त्यामुळे आता बाईकवाल्यांना हा घाट सोन्यासारखा झालाय. पूर्वी ट्रकच्या मागे धूर खात तास तास अडकायचो. आता गौताळ्याचं जंगल दिसतं, पावसाळ्यात धबधबे दिसतात, थांबून फोटो काढता येतात.

मी डबा ४०वर सेट केला, म्हटलं चलान ४०चं आलंय तर ४०च शिकू. पायथ्यापासूनच टीं टीं. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये माझी हिमालयन बाईक आरामात ४२-४४ला जाते, त्यात वेगाचं काही नाही, तिला तिथेच बरं वाटतं, खाली ओढलं की इंजिन खडखडतं आणि दुसरा टाकला की आरडाओरडा. म्हणजे मी मिनिटाला चार वेळा थ्रॉटल सोडतोय, परत देतोय, आणि लक्ष कुठे, तर दोन इंचाच्या स्क्रीनवर. एका वळणावर समोरून एसटी आली ती मला शेवटच्या क्षणाला दिसली, कारण मी ४१चे ३९ होतात का ते बघत होतो. वर पोहोचल्यावर मित्राने हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य, "हाऊ काय वाजी ऱ्हायना रे भो कवापासून, बंद कर त्याले, मनं डोकं उठनं." मागून येणाऱ्याला ऐकू जातं एवढा मोठा आवाज आहे, आणि गंमत अशी की ज्याच्या हँडलवर आहे त्याला फुल फेस हेल्मेटमध्ये ६०च्या पुढे वाऱ्यात काहीच ऐकू येत नाही. म्हणजे जिथे वाजायची गरज आहे तिथे मुका, आणि जिथे नाही तिथे बँड.

परत येताना मी बझर ५५वर नेऊन ठेवला. घाटभर एकदाही वाजला नाही आणि मी गाडी चालवली, स्क्रीन नाही. आता सांगा यातला सुरक्षित कोणता.

नियमाचं थोडं बोलतो कारण चलान आल्यावर माणूस वाचतो, तसं मी वाचलं. एप्रिल २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत साध्या रस्त्याला मोटारसायकलला कमाल ६० आहे आणि कारला ७०. चौपदरी दुभाजकवाल्या रस्त्याला आपल्याला ८०, कारला १००. हा वरचा आकडा, त्याच्या खाली कुठे किती ठेवायचं ते राज्याने ठरवून पाटी लावायची, मोटार वाहन कायद्याचं कलम ११२. आणि मोडलं तर कलम १८३, २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला हजार ते दोन हजार. सगळं ठीक. पण पाटी लावणाऱ्याने ती जागा बघून लावावी ना राव. आपल्याकडे घाट सुरू झाला की एक पाटी, तिच्यावर २० नाहीतर ३०, आणि मग वर पोहोचेपर्यंत तोच आकडा, वळण असो का सरळ, खोल दरी असो का दोन्हीकडे शेत. दहा किलोमीटरचा घाट २०ने चढायचा म्हटलं तर अर्धा तास, ४०ने पंधरा मिनिटं. पण मिनिटांचंही सोडा, आम्ही कुठे ऑफिसला चाललोय. त्रास हा आहे की आपण एकटे २०ने चाललो की मागून क्रूझर, पिकअप, काळीपिवळी सगळे हॉर्न मारत आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतात, त्यांच्या टपावर माणसं, आणि आपण कडेच्या कचाट्यात. पाटी पाळणारा एकटाच धोक्यात येतो.

कन्नडहून आल्यावर मला वाटत होतं आपणच बरोबर, पाट्या सगळ्या चूक. तोरणमाळने जरा जागेवर आणलं.

तोरणमाळला गेलो जुलैमध्ये. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग सातपुडा चढायला सुरुवात. ज्यांनी केला नाही त्यांनी एकदा पावसाळ्यात कराच, सातपायरीच्या घाटात ढग रस्त्यावर बसलेले असतात, खाली दरी आहे का नाही तेच कळत नाही, आणि वर साडेअकराशे मीटरला यशवंत तलाव, स्वेटर लागतो, खान्देशात जुलैमध्ये स्वेटर म्हणजे बघा. डब्यातला उंचीचा आकडा मला इथे आवडला, चढताना तो हळूहळू वाढत जातो, तलावाजवळ साडेअकराशेच्या आसपास येऊन थोडा मागेपुढे हलत राहिला. बायको मागे बसली होती, तिला वेगात काही रस नाही पण उंची दर दोन मिनिटांनी विचारत होती.

चढ सुरू व्हायच्या आधी एक लांब सरळ पट्टा आहे, नवं डांबर, पांढरे पट्टे मारलेले, आणि तिथे डांबराच्या रिकाम्या ड्रमला टेकवून ठेवलेली पाटी, लाल गोलात २०. पत्रा वाकलेला, एका कोपऱ्यात गोळी मारल्यासारखं भोक. पुढे चहाच्या टपरीवर एका क्रूझरवाल्याला विचारलं की दादा तिथे २०ची पाटी कशाला, तर म्हणे ती रोडचं काम चालू होतं तेव्हाची. काम कधी संपलं? "झाले असतील दोन पावसाळे." दोन पावसाळे ती पाटी तिथे उभी आहे आणि कायद्याने ती पाटीच आहे, तिच्याखाली कोणी लेझर गन घेऊन बसला तर माझे आणखी हजार जाणार. काम संपलं की कामाच्या पाट्या काढून न्यायच्या असतात, रस्ता बांधणाऱ्यांच्या नियमातच आहे ते. ड्रम न्यायला ट्रॅक्टर येतो, पाटी न्यायला कोणी येत नाही.

पण त्याच घाटात पुढे वर एक हेअरपिन आहे, म्हणजे रस्ता पूर्ण उलटा फिरतो असं वळण, डोंगराची बाजू आत, तिथे मी मुद्दाम थांबलो. बायको म्हणाली आता काय झालं, म्हटलं पाच मिनिटं. गाडी कडेला लावली, वळणाच्या आतल्या बाजूला उभा राहिलो आणि समोर रस्ता जिथे डोंगराआड जातो तिथपर्यंत पावलं मोजत गेलो. ३१ पावलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर २३ मीटर. का मोजलं ते सांगतो. इंडियन रोड काँग्रेस म्हणजे रस्ते कसे बांधायचे त्याचे मापदंड ठरवणारी संस्था, तिच्या हिशोबात गाडी थांबवायला लागणारं अंतर आहे, २०च्या वेगाला २० मीटर, २५ला २५, ३०ला ३०, ४०ला ४५, ५०ला ६०. यात ब्रेक मारायच्या आधी माणसाला समजायला लागणारे अडीच सेकंद पण धरलेत, ४०च्या वेगाला त्या अडीच सेकंदातच गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे त्या वळणावर मी ४०ने असतो आणि डोंगराआड म्हैस उभी असती तर माझा हात ब्रेकवर जायच्या आधीच मी म्हशीत. तिथे २०ची पाटी बरोब्बर आहे, २५ सुद्धा जास्त होतील. उतरताना तर अजूनच.

हे मोजून होतंय तेवढ्यात वरून एसटी आली. एसटी हेअरपिनला कशी वळते ते खाली उभं राहून बघा एकदा. तिचं मागचं चाक आतल्या दगडाला घासतं आणि पुढचा कोपरा पार आपल्या बाजूच्या कठड्यावरून फिरतो, म्हणजे पूर्ण रस्ता तिचा, आपल्याला एक फूट शिल्लक नाही. ड्रायव्हरने हॉर्न मारला, मी डोंगराला चिकटलो, खिडकीतल्या एका म्हातारीने माझ्याकडे बघितलं, या पोराचं काय हरवलंय अशा नजरेने. वळणाच्या मधोमध बारीक खडी वाहून आलेली, वर शेण, त्याच्यावर पाण्याचा पातळ थर. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) आहे गाडीला, १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९पासून सक्तीचंच आहे, पण गाडी वाकलेली असताना खडीवर एबीएस काय करणार.

आता सांगा, या वळणाला २० आणि त्या दोन पावसाळ्यांपूर्वीच्या सरळ पट्ट्यालाही २०. नवा माणूस, पहिल्यांदा आलेला, खालची पाटी बघून हसतो, ६०ने जातो, काही होत नाही. दुसरी पाटी, काही होत नाही. हेअरपिनच्या आधीची पाटी येते तोपर्यंत त्याचा पाट्यांवरचा विश्वास उडालेला असतो आणि ती एकच पाटी खरी असते. आणि हाच रोग माझ्या १८५०च्या डब्याला. एकच आकडा, घाटभर तोच. पहिल्या दिवशी प्रत्येक टीं टीं ला दचकायचो, चौथ्या दिवसापासून मला तो ऐकूच येईना, जसा भिंतीवरच्या घड्याळाचा टिकटिक आवाज येत नाही तसा.

तर मग डब्याने त्या हेअरपिनवर काय दाखवलं? मजा आहे. वळण घेताना माझ्या गाडीचा मीटर १६ आणि डबा २७. वळून सरळ झालो, मीटर २४, डबा ११. म्हणजे सेकंद-दोन सेकंद मागे चालतो तो. हे स्वस्तातले जीपीएस सेकंदाला एकदाच आकडा बदलतात, वर डोंगराने अर्धं आकाश झाकलेलं, सिग्नल दगडावर आपटून येतो, त्यात ढग आणि झाडी वेगळीच (ढगाने फार फरक पडत नाही म्हणतात, ओल्या झाडीने पडतो). एका ठिकाणी तर गाडी उभी आणि स्क्रीनवर ७. सपाट रस्त्याला हा जेवढा खरा तेवढाच घाटात भरवशाचा नाही, आणि मी तर घाटासाठीच घेतलेला. जाहिरातीत डोंगराचाच फोटो होता.

पावसात मात्र टिकला. शहाद्यापासून वरपर्यंत भिजला, काचेच्या आत वाफ आली नाही, बटणं चालली. याला पूर्ण मार्क.

चांदसैली घाटाबद्दल दोनच ओळी, कारण तिथे डब्याची परीक्षाच झाली नाही. तळोद्याच्या बाजूने धडगावला जाताना लागतो, अरुंद, पावसाळ्यात दरड आली की बंद, आणि तिथे २५च्या वर जाणारा एकतर नवखा नाहीतर पिकअपवाला. बझर ३०वर होता, एकदाही वाजला नाही. समोरून गाडी आली की एकाला मागे जावंच लागतं, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे पण घाटात तो ज्याची गाडी मोठी त्याचा असतो. या घाटाला पाटीची गरजच नाही, रस्ताच सांगतो. अक्कलकुव्याहून मोलगीकडचा देवगोई घाटही केला, पण त्या दिवशी धुकं इतकं होतं की मी डब्याकडे बघितलंच नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. खाली उतरून शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली, तर्री अशी की हेल्मेट परत घातलं तरी डोक्याला घाम होता. हे रिव्ह्यूत बसत नाही पण लिहावंसं वाटलं.

उन्हाचं सांगायचं राहिलंच. मे महिन्यात भुसावळला लग्न होतं, गाडी मांडवाबाहेर उन्हात चार तास. तुम्हाला भुसावळचं ऊन सांगायला नको. परत येऊन चावी लावली तर स्क्रीन पूर्ण काळी, एक आकडा दिसेना. म्हटलं गेले १८५०. रुमाल ओला करून त्याच्यावर टाकला, दहा मिनिटांनी आकडे परत आले. आणि क्लिपच्या खालची चिकटपट्टी वितळून हँडलवर डिंक, तो अजून पूर्ण निघालेला नाही. म्हणजे खान्देशात एप्रिल-मेमध्ये गाडी लावली की डबा काढून खिशात टाकायचा, क्लिप निघते पटकन, तेवढं बरं केलंय.

सर्व्हिसचं विचाराल तर कस्टमर केअरला दोनदा मेल टाकला की यात दोन-तीन वेगळे आकडे सेट करायची सोय करा, म्हणजे गावात एक, घाटात एक, हायवेला एक, एका बटणावर बदलता येतील. उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, आपल्या खरेदीबद्दल धन्यवाद." दोन्ही वेळा तेच. रस्त्याच्या पाटीचं पण मी अर्जाने विचारलं होतं, फोटो जोडून, ड्रमसकट. तिथून धन्यवादही आलेला नाही.

घ्यावा का? सपाटीवर हायवेला जाणारे असाल, धुळे-नाशिक किंवा सुरत साइडला, आणि गाडीचा मीटर किती खोटं बोलतो ते बघायचं असेल तर घ्या, हजार-बाराशेला मिळाला तर अजून बरं. १८५० जास्त आहेत. घाटासाठी घेऊ नका. घाटात तुमच्या डोळ्यांना समोर किती रस्ता दिसतोय तेवढाच वेग, त्यासाठी डबा लागत नाही, ३१ पावलं मोजली की कळतं. तीन स्टार देतोय, त्यातला एक पावसाचा आणि एक व्होल्टचा.

सध्या डबा माझ्या गाडीवर नाही. आबांच्या स्प्लेंडरला लावून दिला, ते रोज शेतात जातात, बझर ४०वर ठेवला. पंधरा दिवस झाले. काल संध्याकाळी आबा गाडी स्टँडला लावून, दुधाचा डबा खाली ठेवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हाई वाजतच नही रे. खराब शे. परत करी टाक."